सबी सँडमधून थेट : नव्या नोकरीचे पहिले दिवस

शनिवार : लोव्हेल्डमध्ये

जोहान्सबर्गहून हूडस्प्रेटला तासाभराचं लहान विमान आहे. बराच वेळ खाली नुसतं पठार दिसत राहतं. मग ड्राकेन्सबर्गची कडा येते आणि घाटमाथा संपून कोकण सुरू व्हावं तशी जमीन एकदम खाली जाते. तिथून पुढे लोव्हेल्ड, म्हणजे सखल रान. जून म्हणजे इकडचा कोरडा हिवाळा. पानं गळलेली, गवत वाळलेलं, सगळं रान भुरकट पिवळं. याच रानातल्या सबी सँड या खासगी राखीव जंगलातून रोज पहाटे आणि संध्याकाळी जगभर सफारीचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका टीममध्ये मी कॅमेरा ऑपरेटर म्हणून रुजू व्हायला आले होते.

याआधी माझी सगळी वर्षं वन्यजीव माहितीपटांत गेली. तिथे आठवडेच्या आठवडे लपणात बसायचं आणि त्यातली मोजकी मिनिटं पडद्यावर यायची. मधला रिकामा वेळ कापून टाकणं हा त्या कामाचा पायाच. इथे तो कापायला जागाच नाही. हे मला जमेल का, आवडेल का, याची धाकधूक घेऊनच मी विमानातून उतरले.

न्यायला आलेले गृहस्थ साठीच्या पुढचे, शांगान समाजातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रॅकर म्हणून काढली, आता कॅम्पची गाडी चालवतात. सगळे त्यांना 'ताताना', म्हणजे बाबा, म्हणतात, मीही म्हणू लागले. आर-४० रस्त्याने क्लासेरी, मग ॲकोर्नहूक. डावी-उजवीकडे शेळ्या, संत्र्यांच्या जाळीदार पिशव्या टांगलेली दुकानं, शाळेच्या गणवेशातच फुटबॉल खेळणारी मुलं. एका टपरीशी गाडी थांबली आणि मी थेट किंमत विचारायला लागले, तर ताताना हळूच म्हणाले, "आधी नमस्कार, मग ख्यालीखुशाली, मग खरेदी." त्यांच्या मागोमाग मी "अवुशेनी" म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. गरमागरम वेटकुक मिळाले. तळलेल्या, आतून पोकळ आणि गुबगुबीत पावासारखा प्रकार. आत बहुतेक वेळा खिमा भरतात. मी शाकाहारी, म्हणून जॅम भरून दिला.

गाउरी गेटवर नोंदणी करून सबी सँडच्या आत शिरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी इथेच थोडं सांगते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत घ्यायच्या. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० मधल्या दोनच नेता येतात, त्याही विमान कंपनीची परवानगी घेऊन. स्वतःची महागडी उपकरणं आणत असाल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र) करून घ्या, कस्टम्समधला मनस्ताप वाचतो. प्लगचं मात्र सोपं आहे. दक्षिण आफ्रिकेतलं मोठं, तीन गोल पिनांचं सॉकेट म्हणजे आपलं गीझरचं १५ अँपियरचं सॉकेट. तसा प्लग लावलेली एक्स्टेंशन बोर्डाची वायर आणली की काम झालं.

रविवार : कॅम्प

दिवसभर नियम. कॅम्पला कुंपण नाही. अंधार पडल्यावर एकटीने खोलीबाहेर पडायचं नाही, कोणाला तरी रेडिओवर बोलवायचं, टॉर्च पायांपुढे नव्हे तर दूरवर, झुडपांत फिरवत चालायचं. जंगलात गाडीवर असताना उभं राहायचं नाही. सिंहांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो, त्याची त्यांना सवय असते. उभं राहिलेलं माणूस तो आकार मोडतं.

भिंतीवरच्या नकाशात सबी सँड साधारण ६५,००० हेक्टरचं, आणि त्याच्या पूर्वेला जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचं क्रूगर राष्ट्रीय उद्यान. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं गेलं. त्यामुळे इथला कुठलाच प्राणी 'आमचा' नाही. आज दिसलेली सिंहीण उद्या क्रूगरमध्ये असेल आणि तिथे आमची गाडी जात नाही. प्रेक्षक तिच्याबद्दल विचारत राहतात, आणि उत्तर एकच असतं : ती पूर्वेला गेली.

रात्री जेवायला पाप. पांढऱ्या मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, हाताने मोडून खायचं. सोबत टोमॅटो-कांद्याचा रस्सा आणि मोरोगो, म्हणजे रानातली पालेभाजी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी माझ्यासाठी मोरोगोत शेंगदाण्याचं कूट घातलं. इकडची तशीही पद्धत आहे म्हणाल्या. मी दोनदा मागून घेतलं.

सोमवार : गाडी

प्रक्षेपण नसलेली फेरी. उघडी लँड क्रूझर, पुढे गाईड. तोच गाडी चालवतो आणि तोच निवेदक. मागच्या उंच सीटजवळ फ्लुइड हेडवर, म्हणजे झटका न बसता फिरणाऱ्या बैठकीवर, बसवलेला कॅमेरा आणि त्याला लांब पल्ल्याची झूम लेन्स. गाडीवरचा अँटेना चित्र मनोऱ्याकडे पाठवतो, मनोऱ्यावरून ते कंट्रोल रूमला आणि तिथून इंटरनेटवर. मनोरा आणि गाडी यांच्या मध्ये टेकाड आलं किंवा गाडी ओढ्याच्या खोलगट पात्रात उतरली की चित्राचे चौकोन-चौकोन होतात. म्हणून इथल्या ऑपरेटरला प्राण्यांबरोबर सिग्नलचाही नकाशा पाठ करावा लागतो. कुठल्या वळणावर चित्र जातं, कुठल्या मारुलाच्या झाडाखाली थांबलं की परत येतं.

माझ्याआधीपासून इथे असलेली सीनियर कॅमेरावुमन दिवसभर शेजारी होती. तिचं पहिलं वाक्य असं होतं : "थंडीत रोज सकाळी बॅक फोकस तपास." बॅक फोकस म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं नेमकं अंतर. पहाटे तापमान आठ-दहा अंशांवर असतं आणि दुपारी पंचविसाच्या वर जातं. धातू आकसतो, प्रसरण पावतो, आणि पूर्ण झूमवर धारदार असलेलं चित्र मागे आल्यावर मऊ पडतं. फिल्मवर असताना असा शॉट टाकून दुसरा घेता येतो. इथे तो दुसरा शॉट नाही.

बाकीच्या गोष्टीही तिनेच दाखवल्या. इंजिन बंद झाल्याशिवाय लांब झूम नको, थरथर येते. साडेनवानंतर जमीन तापून हवा लहरते, मग दूरच्या प्राण्यामागे लागण्यात अर्थ नसतो. जवळचं काही तरी शोधायचं. प्राणी चौकटीतून बाहेर जात असेल तर लगेच मागे धावायचं नाही, क्षणभर त्याला जाऊ द्यायचं. आणि कानातल्या आवाजाने दचकून कॅमेरा हलवायचा नाही. त्या इयरपीसमध्ये सतत कोणी ना कोणी बोलत असतं.

मंगळवार : कंट्रोल रूम

बाहेरून साधी खोली, आत पडद्यांची भिंत. प्रत्येक गाडीचा एक पडदा, पाणवठ्यावरच्या स्थिर कॅमेऱ्याचा एक. डायरेक्टर तरुण मुलगी, केपटाउनची. एका गाडीकडून दुसरीकडे जाताना ती दहापासून उलटं मोजते, आणि तिकडचा गाईड शून्यावर असं बोलायला लागतो जणू मघापासूनच बोलतोय.

प्रश्न निवडणाऱ्याच्या शेजारी बसून मी फेरी पाहिली. प्रेक्षकांपर्यंत चित्र काही सेकंद उशिरा पोचतं, मग ते प्रश्न लिहितात, मग तो निवडून गाईडच्या कानात जातो. तोवर पक्षी उडालेला असतो. म्हणून प्राणी निघून गेल्यावरही ऑपरेटरने ती फांदी, ती पाऊलवाट धरून ठेवायची, म्हणजे उत्तराला चित्र मिळतं. ही गोष्ट तिथे बसल्यावरच कळते. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने गाडीवर चढण्याआधी एक फेरी आत बसून बघावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न विचारणारी माणसं तरी कशी! कोणाच्या देशात मध्यरात्र, कोणाच्या देशात दुपार. कोणी हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहितं, कोणी रोज ऑफिसला निघण्याआधी. काहींना इथल्या बिबट्यांची तीन पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर खोटा थरार चालणार नाही.

बुधवार : पहिलं थेट प्रक्षेपण

पहाटे पाचला कॉफी आणि रस्क. रस्क म्हणजे दगडासारखा कडक टोस्ट, बुडवूनच खायचा. अंगावर थरावर थर, मांडीवर घोंगडी, घोंगडीत गरम पाण्याची पिशवी. बोटं उघडी, कारण जाड हातमोज्यात फोकसची रिंग कळत नाही. पातळ लोकरी हातमोज्यांची बोटं कापून आणा, हिवाळ्यात येणार असाल तर यासारखी उपयोगाची वस्तू नाही.

सहानंतर फटफटलं, कानात आकडे सुरू झाले, आणि आमचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. सिंहाचा माग मिळाला, तो क्रूगरच्या हद्दीकडे निघून गेलेला. तरसांच्या बिळाशी गेलो, बाहेर कोणी नाही. दुसरी गाडी ओढ्यात, सिग्नल नाही. डायरेक्टर म्हणाली, "तुमच्याकडेच राहतेय. काय आहे?"

होतं एक वारूळ. गाईडने त्याच्यासमोर इंजिन बंद केलं. सूर्य त्या मातीवर आला आणि एका भोकातून बोटाएवढं डोकं वर आलं. मग दुसरं. बघता बघता बुटक्या मुंगसांचं सगळं कुटुंब उन्हात येऊन बसलं. आफ्रिकेतलं हे सर्वांत लहान मुंगूस. पुरेपूर वाढलेलं मुंगूसही दोनशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. एकमेकांना चिकटून, डोळे मिटून, पोट सूर्याकडे करून ती बसून राहिली. एक मात्र सगळ्यांत वर, पहाऱ्यावर.

फिल्मवर असते तर यातली आठ सेकंदं ठेवली असती. इथे आम्ही पाऊण तास त्याच वारुळावर होतो. सुरुवातीला माझा हात सारखा झूमकडे जायचा, काही तरी बदलावं म्हणून. मग मी थांबले, आणि दिसायला लागलं. पहारेकरी डोकं वळवतं तेव्हा खालची झोपलेलीही कान हलवतात. एक पिल्लू आईकडे न जाता भलत्याच मुंगसाच्या कुशीत शिरतं. गाईडने सांगितलं की कळपात बहुतेक वेळा एकाच जोडीला पिल्लं होतात आणि बाकीची सगळी मिळून ती वाढवतात, आणि ते सांगत असतानाच ते चौकटीत घडत होतं. एका शाळेचा वर्ग त्या दिवशी जोडलेला होता. एका मुलाने विचारलं, "ती आळशी आहेत का?" गाईड म्हणाला, "एवढंसं शरीर रात्रीत पटकन थंड पडतं. आधी ऊन, मग न्याहारी. तुझ्या अंगाची शेकोटी मोठी आहे, म्हणून तुला एवढं बसावं लागत नाही."

जवळच्या फांदीवर कोतवाल येऊन बसला. कलहारीत अभ्यासकांनी दाखवून दिलंय की हा पक्षी दुसऱ्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो, खाणारे पळतात, आणि हा त्यांचा घास उचलतो. आम्ही वाट पाहिली. त्याने तसलं काही केलं नाही. नुसता बसून राहिला, पिसं फुगवून, आणि मी त्याला तसाच दाखवला. प्रेक्षकांपैकी एकाही माणसाने सिंह कुठे आहे असं विचारलं नाही. मला या कामाबद्दल जी धाकधूक होती ती त्या वारुळापाशी गेली. कापून टाकायचा वेळ म्हणून मी इतकी वर्षं जे बाजूला काढत होते, ते प्राण्यांचं खरं आयुष्य आहे. ते लोकांना दाखवता येतं आणि लोक ते प्रेमाने बघतात.

गुरुवार : बिबट्या, आणि जे दाखवलं नाही ते

सकाळी मारुलाच्या झाडात बिबट्याची मादी, शेजारच्या फांदीत अडकवलेलं, हरणासारखं दिसणारं इम्पाला, खाली दोन तरस. सबी सँड ज्यासाठी ओळखलं जातं ते दृश्य. मिशांच्या वरच्या ओळीतले ठिपके मोजून गाईडने ती कोण हे ओळखलं. दोन्ही गालांवरची संख्या टिपून ठेवतात, त्यावरूनच इथले बिबटे एकमेकांपासून वेगळे ओळखतात. मागे उजळ आकाश, पुढे सावलीतला चेहरा. मी आकाश पांढरं होऊ दिलं. डोळे दिसायला हवे होते.

दर्शनाच्या जागी एका वेळी मोजक्याच गाड्या थांबतात, बाकीच्या दूर रेडिओवर पाळीची वाट बघतात. प्रक्षेपण चालू आहे म्हणून आम्हाला वेगळी सवलत नाही. वेळ झाली, दुसरी गाडी आली, आम्ही निघालो. हे मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी उजेड जायच्या बेतात वळणावरून दोन पांढरे गेंडे समोर आले. गाईड कॅमेऱ्याकडे बघून सूर्यास्ताबद्दल बोलत होता. त्याने वाक्य न तोडता ठरलेला शब्द उच्चारला, मी चौकट सावकाश आकाशाकडे नेली, डायरेक्टरने दुसरी गाडी घेतली. गेंडे दाखवायचे नाहीत, हा आमचा नियम. थेट चित्र म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही उघड. दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे शिंगांसाठी मारले गेले. शिकाऱ्यांना वाटाड्या म्हणून आमचा कॅमेरा मिळता कामा नये.

कॅमेरा बंद करून आम्ही बसलो. गेंड्यांची शिंगं कापलेली होती. शिकाऱ्यांना मोह होऊ नये म्हणून भूल देऊन कापतात. नखासारख्याच केराटिनची असतात, पुन्हा वाढतात. ते गाडीच्या बाजूने गवत खुडत गेले, ओठांचा आवाज ऐकू येईल इतके जवळून. एवढा मोठा प्राणी आपल्या समोर इतक्या विश्वासाने चरतो आणि त्याला वाचवायचं तर तो आहे हेच लपवावं लागतं, याचा मला संताप आला. अजूनही येतो.

पर्यटक म्हणून येणाऱ्यांनीही हे पाळावं. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा, गेंड्याचा फोटो जागेच्या नावासह कुठेही टाकू नका, आणि बरोबरच्या लोकांनाही सांगा. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे.

शुक्रवार : रानकुत्रे

जूनच्या सुमाराला आफ्रिकी रानकुत्र्यांची पिल्लं बिळात असतात, त्यामुळे टोळी एरवीसारखी मैलोन्मैल भटकत नाही, रोज बिळाकडे परतते. ते बीळही आम्ही दाखवत नाही. पण दुपारी टोळी बिळापासून दूर, सावलीत पसरलेली सापडली. चारच्या पुढे एक उठला, आळोखेपिळोखे, मग दुसरा, मग सगळे एकमेकांचं तोंड चाटत, चिवचिवत गोल फिरायला लागले. शिकारीला निघण्याआधीचा हा सोहळा. बोत्स्वानातल्या रानकुत्र्यांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा वेळी जितक्या जास्त शिंका तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं होतं. गाईडने हे सांगितलं आणि लगेच दोन-तीन शिंका ऐकू आल्या. मी आवाजाच्या मीटरकडे बघितलं, सुई हलली होती. जगभर गेल्या त्या शिंका.

मग धावपळ. झुडपांतून गाडी, फांद्या अंगावर, कॅमेरा कुलूपबंद करून मी त्याला मिठी मारून बसलेली. त्यांनी इम्पाला पाडलं तेव्हा आम्ही पन्नास पावलांवर होतो. रानकुत्रे मानेचा चावा घेऊन मारत नाहीत, जिवंतपणीच फाडतात. काही क्षणांत संपतं, पण ते क्षण बघवत नाहीत. गाईडने आधीच सांगून ठेवलं होतं : ज्यांच्याजवळ लहान मुलं आहेत त्यांनी आता पडद्यापासून दूर जावं. डायरेक्टरने मला विचारलं, "रुंद ठेवशील?" मी रुंद ठेवलं. सगळी टोळी दिसत होती, झाडं दिसत होती, इम्पालाचं शरीर गवताआड.

रात्री जेवताना यावर बराच वाद झाला. न दाखवणं म्हणजे फसवणूक, असं काहींचं म्हणणं. काहींना वाटतं मृत्यू हा प्रेक्षणीय प्रकार होऊ नये. माझं मत पक्कं आहे. पूर्वसूचना द्यावी, मान फिरवू नये, आणि जखमेत झूम करू नये. त्या कुत्र्यांच्या पोटात जे गेलं ते बिळाशी जाऊन पिल्लांसमोर ओकलं जाणार होतं. प्रेक्षकांना ती साखळी कळायला हवी, रक्ताचा रंग कळून काही मिळत नाही.

शनिवार : सुट्टी

कपडे धुतले, लेन्सवरची धूळ ब्लोअरने उडवली, उन्हात बसून मारुलाखाली रुइबॉस चहा प्यायला. तातानांनी मला जमिनीवरचे ठसे वाचायला शिकवलं. बहुतेक कुत्र्यांच्या पुढच्या पायाला पाचवं, आतलं बोट असतं; आफ्रिकी रानकुत्र्याला ते नसतं. त्यांनी काठीने दोन्ही पावलं काढून दाखवली, मग खोडून टाकली आणि मला काढायला लावली.

इकडे यायचं ठरवणाऱ्यांसाठी उरलेलं थोडं. लोव्हेल्ड मलेरियाच्या पट्ट्यात येतं. हिवाळ्यात धोका कमी असतो, तरी गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे येत असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ ठेवा. पर्यटक व्हिसावर इथे काम करता येत नाही, चित्रणाच्या कामालाही नाही, आणि वर्क व्हिसाला वेळ लागतो.

आणि ही नोकरी हवी असेल तर सराव आजपासून करता येतो. झाडावरची खार घ्या, कावळा घ्या, गल्लीतली मांजर घ्या. अर्धा तास रेकॉर्डिंग न थांबवता तिच्याबरोबर राहा, आणि शेजारी कोणाला तरी सतत बोलत राहायला सांगा. मग ते चित्रण एकही सेकंद न कापता बघा. निवडीच्या वेळी माझ्याकडून शोरीलबरोबर, म्हणजे निवडक कामाच्या चित्रफितीबरोबर, असा एक सलग, न तोडलेला शॉटही मागितला होता, आणि मुलाखतीत पुढचे सगळे प्रश्न त्या शॉटवरच होते.